तीन नंबरची सीट

२ मार्च, रविवार

आज दिग्विजयने पिंटूच्या कानाखाली मारली. सगळ्यांसमोर. पिंटूची पिवळी टोपी उडून पॅनेलच्या खोलीच्या दारात पडली. त्याने ती उचलली, झटकली, परत डोक्यावर घातली.

कारण एवढंच — तो म्हणाला होता, "मालक, तीन नंबरच्या सीटचं लॉक पकडत नाही. लाल दिवा जातच नाही. मी माणूस बसवून चालवणार नाही."

गरुडझेप म्हणजे आमच्या पार्कातला सगळ्यात मोठा झोका. एक लांबलचक लोखंडी हात, त्याच्या टोकाला गोल बसवलेल्या खुर्च्या, आणि तो हात हेलकावे घेत घेत पार उलटा होतो. खुर्चीत बसलं की खांद्यांवरून जाड दांडी खाली येते आणि खटकन बसते. एक जरी दांडी बसली नाही तरी लाल दिवा राहतो आणि मशीन सुरू होत नाही. हे मला पिंटूनेच समजावलं होतं. तिकीटघर मी सांभाळणार म्हणून. "वहिनी, तुम्हालाबी माहीत पाहिजे," म्हणाला होता. परभणीकडचा माणूस, आधी कुठल्याशा कंपनीत क्रेन चालवायचा, आता आमचा झोका. कधी आवाज चढवत नाही.

गेल्या दिवाळीत पार्क उघडणार होतं. मग संक्रांतीला. तपासणीवाले येतात, फोटो काढतात, माना हलवतात, जातात. परवानगी काही येत नाही. मेरी-गो-राउंडचे घोडे अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आहेत. छोट्या रेल्वेचे रूळ पडलेत, त्यांच्यात गवत आलंय. आणि आता पाडव्याचा मुहूर्त. चाकण चौकापासून बोर्ड लागलेत — हात जोडून उभा दिग्विजय, मागे गरुडझेप.

आसपासच्या सगळ्यांनी आपापल्या रानात कंपन्यांसाठी गोडाऊनं बांधली. माझ्या नवऱ्याला, दिग्विजयला, ते नको होतं. "शेड कुणीबी बांधतं. आपल्या माळावर पोरं हसली पाहिजेत." लग्नानंतर पहिल्या वर्षी तो हे बोलायचा तेव्हा मी ऐकत राहायचे. आज त्याच माळावर त्याने एका माणसाला मारलं आणि मी तिकीटघराच्या काचा पुसत राहिले.

५ मार्च, बुधवार

तपासणीचा माणूस "लॉक बदलल्याशिवाय सही नाही" म्हणाला. भिमाजीने — दिग्विजयचा चुलतभाऊ, कायम सावलीसारखा मागे — त्याच्या गाडीची काच फोडली. दिग्विजय हसला. संध्याकाळी जेवताना तेच सांगून परत हसला.

९ मार्च, रविवार

हॉस्पिटलमध्ये बसून लिहिते आहे. हात धुतले तरी नखांत रक्त आहे. ओंकारचं.

नीट लिहायला हवं. उद्या मलाच वाटेल मी असं पाहिलंच नाही.

पाडव्याच्या उद्घाटनाचे पाहुणे उद्याच पार्क बघायला येणार होते. दिग्विजय म्हणाला, आज नारळ फोडू आणि गरुडझेप चालवून ठेवू. घरचेच होतो. सासूबाई नारळ घेऊन झोक्यापाशी. ओंकार — माझा धाकटा दीर, ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला — मोबाईल काढून व्हिडिओ करत होता. माझी लेक निशी तिकीटघरात चित्रं काढत होती. भिमाजी होताच.

पिंटू पॅनेलच्या खोलीच्या दारात आडवा उभा. "मालक, तीन नंबर तशीच हाय. मोकळा फिरवतो. माणूस नको."

दिग्विजयने ओंकारला हाक मारली. "ये रे. बस तीन नंबरला. दाखव याला."

ओंकार हसत गेला. दादा म्हणाला की तो विहिरीतही उडी मारेल, लहानपणापासून तसाच. बसला. दांडी खाली ओढली. अंगठा दाखवला. लाल दिवा जळतच होता.

दिग्विजयने पिंटूला कॉलर धरून बाहेर ओढलं. तो पायऱ्यांवर पालथा पडला. दिग्विजय आत गेला. पॅनेलवर एक चावी असते, दुरुस्तीच्या वेळेची. ती फिरवली की लाल दिवा असला तरी मशीन चालतं. त्याने ती फिरवली. मी त्या खोलीच्या काचेच्या या बाजूला होते, हाताच्या अंतरावर. त्याची अंगठीसुद्धा दिसत होती मला.

झोका हलला. दोन्ही बाजूंना उंच गेला. ओंकार ओरडत होता, मजेने. मग लोखंडी हात आणखी वर गेला आणि खांद्यावरची दांडी उघडली. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरायचा प्रयत्न केला. मोबाईल आधी पडला. मग तो. लोखंडी कठड्यावर पाठ आपटली आणि तिथून खाली.

मी धावले. डोळे उघडे होते. "वहिनी, पाय कुठायत माझे?" म्हणाला आणि मान टाकली.

फाटकाबाहेर थांबलेल्या ड्रायव्हरने आणि मी त्याला गाडीत घातलं. सासूबाई पुढे बसल्या, निशीला मांडीवर घेऊन, तिचं तोंड पदरात दाबून. मी दिग्विजयला म्हटलं, चल. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं." ओंकारचा मोबाईल उचलून त्याने खिशात टाकला होता. गाडी वळताना मी मागे पाहिलं. तो पिंटूकडे चालत निघाला होता, आणि भिमाजीच्या हातात पाइप होता.

सख्खा भाऊ मागच्या सीटवर रक्त ओकत होता आणि हा दुसरीकडे चालला होता.

१० मार्च, सोमवार

ओंकारचं ऑपरेशन झालं. मणका. जीव वाचेल म्हणतात. पायांबद्दल डॉक्टर बोलत नाहीत. अजून शुद्ध नाही.

दिग्विजय सकाळी आला. शर्ट बदललेला, उजव्या हाताला पट्टी. काचेतून ओंकारकडे पाहून रडला. खरं रडला, खोटं नाही. खाली बसून डोकं भिंतीवर आपटलं.

भिमाजीने मला बाजूला येऊन सांगितलं, "काळजी करू नका वहिनी. पिंट्याचा जबडा मोडला, हात मोडला. परत कुणाच्या जिवाशी खेळायचा नाही."

मी म्हटलं, "पिंटू कुठे खेळला?"

तो आणखी जवळ आला. "त्यानंच चालवलं ना मशीन. दारू पिऊन."

तेव्हा कळलं मला. काल जे केलं तो राग नव्हता. नुसता राग नव्हता.

१२ मार्च, बुधवार

पोलीस घरी आले. पार्कला सील लागलंय.

ओट्याशी चहा करता करता मी सगळं ऐकलं. दिग्विजय सांगत होता — पिंटू पिलेला होता, मी नको म्हणत असताना त्याने बटण दाबलं, लोक चिडले आणि त्याला चोप दिला, कुणी ते गर्दीत कळलं नाही. गर्दी! आम्ही घरचीच माणसं होतो.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हय. त्यानंच. माझ्या लेकराचं वाटुळं केलं मेल्यानं."

कॅमेरे? खांब उभे आहेत, वायरी जोडायच्या राहिल्या. ओंकारचा मोबाईल? गर्दीत हरवला.

साहेब माझ्याकडे वळले तर दिग्विजय मधेच म्हणाला, "ती तिकीटघरात होती. तिला तिथून काय दिसणार." मी ट्रे खाली ठेवला. परत ओट्याशी जाऊन उभी राहिले. पिंटूवर गुन्हा दाखल झाला.

१४ मार्च, धुळवड

पिंटूची बायको पूनम आली. कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते ती. त्याच कपड्यांत आलेली, मनगटाला पीठ.

ती पायरीवर उभी राहून मला म्हणाली, "ताई, त्यांचं तोंड तारेनं बांधलंय. बोलता येईना त्यांना. तुम्ही तिथंच होता ना? तुम्ही सांगा की. त्यांनी तर हातसुद्धा लावला नव्हता मशीनला."

माझ्या आधी सासूबाई बाहेर आल्या. तिच्या केसांना धरलं आणि खाली ओढलं. पूनम गुडघ्यांवर पडली. सासूबाईंनी तिचं कपाळ पायरीवर आपटलं. एकदा, आणि परत. "माझा ल्योक लोळागोळा करून वर तोंड करून येती?" मी त्यांचे हात सोडवले. त्यांच्या हातात पूनमचे केस राहिले होते. दहा वर्षं पाहते आहे सासूबाईंना. कुत्र्यालाही कधी दगड मारला नाही.

पूनम कपाळ दाबून उठली. जाताना फक्त माझ्याकडे बघितलं. सासूबाईंकडे नाही.

१५ मार्च, शनिवार

दिग्विजय मागच्या कुंपणातून पार्कात शिरला. मी डबा द्यायला म्हणून शोधत गेले. घणाने मेरी-गो-राउंडचे घोडे फोडत होता. प्लास्टिकसकट. माना तुटून पडलेल्या, पांढऱ्या फायबरचे तुकडे सगळीकडे. एकेक घोडा घेऊन शांतपणे फोडत होता, घामाने निथळत.

"एक पोरगं बसलं नाय यांच्यावर," म्हणाला. "एक नाय."

मला त्याच्याजवळ जावंसं वाटलं. खरंच वाटलं. मग तो म्हणाला, "पिंट्यानं सारखं लॉक, लॉक केलं नसतं तर मी ओंकारला बसवलंच नसतं." आणि पुढचा घोडा ओढला. मी डबा कठड्यावर ठेवून परत आले. कठडा धुतलेला होता.

१७ मार्च, सोमवार

निशी अंगणात शेजारच्या मुलीशी घरघर खेळत होती. मी कपडे वाळत घालत होते. बाहुलीला सांगत होती — "पिंटूकाका दारू प्यायला होता. बाबा लांब होते. बाबांनी नको नको म्हटलं."

एका दमात, शाळेतली कविता म्हणावी तसं.

मी विचारलं, कुणी सांगितलं हे? "बाबांनी. रोज म्हणून घेतात. चुकलं की परत." मग हळूच, "पण आई, मी पाहिलं ना. बाबा आत होते."

सहा वर्षांची आहे. मी तिला मिठी मारली आणि ती म्हणाली, "मी चुकले का?"

१८ मार्च, मंगळवार

सकाळी दिग्विजय दाढी करत होता. मी सांगितलं — निशीला यात ओढायचं नाही. आणि मला कुणी विचारलं तर मी पाहिलं तेच सांगणार.

त्याने तोंड धुतलं. पुसलं. टॉवेल नीट अडकवला. मला वाटलं बोलेल. त्याने माझी ओढणी धरली, मुठीला गुंडाळली आणि मला फ्रीजवर दाबलं. "कोण लागतो तुझा पिंट्या? सांग ना. कोण लागतो?" उत्तर द्यायला श्वास कुठे होता? मी त्याच्या मनगटावर नखं मारली, त्याला जाणवलंसुद्धा नाही. कानात शिट्टी वाजायला लागली. त्याचं तोंड इतकं जवळ होतं, साबणाचा वास येत होता.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "सोड. मरंल ती."

ओरडल्या नाहीत. भाजी करपेल म्हणावं तसं म्हणाल्या. त्याने सोडलं. मी खाली बसले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेल्या.

तो कामाला बाहेर पडल्यावर निशीला शाळेतूनच घेतलं आणि दापोडीला वडिलांकडे आले. अण्णांनी दार उघडलं, माझा गळा पाहिला. निशीला खांद्यावर घेतलं.

२० मार्च, गुरुवार

जबाब दिला.

अण्णा बरोबर होते. ठाण्यात एक बाई अधिकारी आहेत. त्यांनी आधी माझ्या गळ्याचे फोटो काढायला लावले, मग ऐकलं. चावी, लाल दिवा, तीन नंबरची सीट, पाइप. त्यांनी विचारलं, "निशीलाही दिसलं होतं?" मी म्हटलं, तिला नाही आणायची. त्यांनी परत विचारलं नाही.

सही करताना माझं सासरचं नाव लिहावं लागलं.

बाहेर आल्यावर मी पायरीवरच बसले. अण्णा पाठीवर हात फिरवत उभे राहिले. चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस, शब्द कमीच. एवढंच म्हणाले, "चल. निशी वाट बघत असेल."

२३ मार्च, रविवार

भिमाजी आला. आणखी तिघं होते. भर दुपारी, गल्लीत सगळे दारांत बसलेले असताना.

अण्णा दार लावत होते. भिमाजीने बाहेरून लाथ घातली. अण्णांची बोटं चौकटीत होती. त्याने पाहिलं आणि परत लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. मग ते आत आले. टीव्ही फोडला, कपाट पालथं केलं. मी निशीला मोरीत कोंडून दारासमोर वरवंटा घेऊन उभी राहिले. भिमाजी पुढे आला. "वहिनी, जबाब मागं घ्या. लय सोपं हाय." मी वरवंटा त्याच्या खांद्यावर घातला. पूर्ण ताकदीने. आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, नाही वाटली.

तोवर गल्ली आत आली होती. शेजारच्या सुमनताईंनी तर उकळता चहाच फेकला. ते पळाले.

अण्णांची तीन बोटं गेली. म्हणजे आहेत, पण मिटत नाहीत. डॉक्टरांकडून आल्यावर म्हणाले, "डाव्या हातानं जेवायला शिकायला पाहिजे." आणि निशीकडून शिकायला बसले. ती अजून दोन्ही हातांनी खाते.

२६ मार्च, बुधवार

ओंकार चार दिवसांपूर्वी शुद्धीवर आला. मला आज कळलं. पोलिसांनी त्याचा जबाब घेतला. सगळे भोवती उभे असताना. तो म्हणाला, "काही आठवत नाही."

संध्याकाळी नर्सच्या फोनवरून त्याचा फोन आला.

"वहिनी, बोलायचं नाही म्हणून सांगितलंय मला. थोडंच बोलतो."

मी विचारलं, खरंच आठवत नाही?

"सगळं आठवतं. दांडी उघडली तेव्हा मी दादाकडेच पाहत होतो. त्याचा हात चावीवर होता." थांबला. श्वास लागत होता. "पाय येणार नाहीत वहिनी. डॉक्टर मला इंग्लिशमध्ये सांगतात, आईला कळू नये म्हणून. दादा कुशीवर वळवतो. दादा संडासला उचलतो. त्याला आत घातलं तर मला उचलणार कोण? आई?"

मी म्हटलं, "तू जप."

"पिंटूदादाला सांगा —" म्हणाला आणि फोन बंद झाला. की कुणी काढून घेतला.

२८ मार्च, शुक्रवार

ठाण्यातल्या त्या अधिकारी मॅडम स्पष्ट बोलल्या. एकट्या बायकोचा जबाब, तोही नवऱ्याशी भांडून माहेरी आलेली. पिंटू आरोपी, त्याचं कोण धरणार. जो पडला त्यालाच आठवत नाही. "मी सोडणार नाही. पण केस उभी राहणं अवघड आहे." पिंटूला हॉस्पिटलमधून सुटल्या सुटल्या अटक होईल.

पूनमला हे मीच जाऊन सांगितलं. तिच्या कपाळावर खपली धरली आहे. तिने मला बसायला पाट दिला. तो नसता दिला तर बरं झालं असतं.

३० मार्च, पाडवा

सकाळी मॅडमचा फोन. "तुमच्या सासूबाई येऊन बसल्यात. तुम्ही आल्याशिवाय बोलणार नाही म्हणतात."

बाकावर एकट्या होत्या. रिक्षाने आलेल्या. गालावर पाचही बोटं उठलेली, ती कुणाची हे विचारायची गरज नव्हती. मला पाहून जरा सरकल्या, बाकावर जागा केली.

मॅडम म्हणाल्या, "मागे तुम्ही पिंटूचं नाव घेतलं होतं."

"व्हय. खोटं बोलले. चावी माझ्या दिग्यानं फिरवली. मी नारळ फोडीत हुते, आंधळी न्हवते."

"मावशी, मुलगा आत जाईल. विचार केलाय ना?"

सासूबाईंनी बाकाची कड धरली. मग म्हणाल्या, "त्यो उचलाय आला की माझं धाकटं लेकरू अंग चोरतं. भिऊन. ज्यानं पाडलं त्याच्याच गळ्यात हात टाकाया लागतोय त्याला. मला न्हाई बघवत." पदराने तोंड पुसलं. "लिवा तुमी."